एका जनुकाची दोन होतात तेव्हा

उत्क्रांती म्हटलं की बहुतेकांना डीएनएमधलं एखादं अक्षर बदलल्याची गोष्ट आठवते. ए, टी, जी, सी या चार अक्षरांच्या लांबलचक साखळीत कुठेतरी एक अक्षर चुकतं, त्यामुळे एखादं प्रथिन जरा वेगळं बनतं, ते उपयोगी पडलं तर पुढच्या पिढ्यांत टिकतं. शाळेत साधारण इतकंच शिकवतात आणि ते खरंही आहे. पण त्यातून आहे त्याच जनुकात फेरफार होतो. नवं जनुक कुठून येतं, हा प्रश्न तसाच राहतो. आपल्या आतड्यातल्या ई. कोलाय जिवाणूत साधारण ४,३०० जनुकं असतात. माणसात प्रथिनं बनवणारी जनुकं २०,०००च्या आसपास आहेत. सजीवांच्या इतिहासात ही भर पडत गेली कशी?

बहुतेक वेळा जुन्या जनुकाची प्रत निघते आणि मग त्या प्रतीत बदल होत जातात. जपानी वंशाचे शास्त्रज्ञ सुसुमु ओनो यांनी १९७० साली हा विचार ठामपणे मांडला. त्यांचं म्हणणं असं: एखादं महत्त्वाचं काम करणारं जनुक एकच असेल तर त्यात मोठा बदल झाल्यावर जीव तगणार नाही. त्यामुळे नैसर्गिक निवड त्याला जागचं हलू देत नाही. पण त्याच्या दोन प्रती असतील तर एक नेहमीचं काम सांभाळते आणि दुसरीला बदलायची मुभा मिळते.

हे समजून घ्यायला मुंबईइतकं चांगलं ठिकाण नाही, असं माझं मत आहे. या शहराच्या नावाचा जो ‘बॉम्बे’ रक्तगट जगभरच्या वैद्यकीय पुस्तकांत आहे, त्याच्यामागे जनुकांच्या एका जोडीची गोष्ट आहे. दुर्मीळ रक्त म्हणून त्याच्या बातम्या येतात, दात्यासाठी फोनाफोनी होते, पण त्या जोडीबद्दल फारसं कुणी बोलत नाही. तिथे पोचण्याआधी प्रत निघते कशी ते पाहू.

शुक्राणू किंवा बीजांड तयार होताना आईकडून आलेलं आणि वडिलांकडून आलेलं गुणसूत्र शेजारी येतं आणि दोघं आपसांत तुकड्यांची अदलाबदल करतात. दोघं बरोबर समोरासमोर लागले तर देवाणघेवाण बरोबरीची होते. पण डीएनएत जिथे एकसारखे तुकडे जवळजवळ असतात तिथे जुळणी घसरते. मग तुटण्या-जोडण्याच्या त्या क्षणी एका गुणसूत्राकडे एक जनुक जास्तीचं जातं आणि दुसऱ्याचं एक जनुक जातंच. म्हणजे प्रत निघणं आणि जनुक हरवणं या एकाच घटनेच्या दोन बाजू आहेत. फळमाशीच्या डोळ्यांचा आकार अभ्यासताना आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी १९२५ साली ही असमान अदलाबदल ओळखली. पुढे १९३६ मध्ये कॅल्व्हिन ब्रिजेस यांनी त्या माशीच्या गुणसूत्रावरचा दोनदा आलेला पट्टा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. डीएनएची रचना उलगडायला तेव्हा अजून सतरा वर्षं होती.

याचं रोजच्या जगण्यातलं उदाहरण म्हणजे लाल आणि हिरवा रंग. हे दोन रंग वेगळे ओळखायला लागणाऱ्या प्रथिनांची जनुकं एक्स गुणसूत्रावर एकमेकांना लागून आहेत आणि दोन्ही प्रथिनं सुमारे ९६ टक्के सारखी आहेत. बहुतेक सस्तन प्राण्यांत तिथे एकच जनुक असतं. आफ्रिका आणि आशियातल्या माकडांच्या आणि आपल्या समाईक पूर्वजांत, साधारण तीन-चार कोटी वर्षांपूर्वी, त्याची प्रत निघाली. मग थोड्या अक्षरांच्या फरकाने एक प्रत लालसर प्रकाशाकडे सरकली, दुसरी हिरव्याकडे राहिली. लोकलच्या मोटरमनला नोकरीच्या आधी रंगीत ठिपक्यांच्या गोलात लपलेला आकडा वाचून दाखवावा लागतो. त्याला लाल सिग्नल लाल दिसतो तो या जुन्या घसरलेल्या जुळणीमुळे. आणि त्याच परीक्षेत जो उमेदवार आकडा वाचू शकत नाही, त्याच्या बाबतीतही बहुधा हेच झालेलं असतं: दोन जनुकं इतकी सारखी आणि इतकी जवळ आहेत की ती आजही चुकीची जुळतात, आणि कधी एक गळून पडतं, कधी दोघांचं मिळून एक संकरित जनुक तयार होतं. पुरुषांकडे एक्स एकच असल्याने त्यांच्यात हा दोष जास्त. युरोपीय वंशाच्या पुरुषांत तो सुमारे ८ टक्क्यांना असतो.

प्रत निघाली म्हणजे नवं जनुक मिळालंच असं नाही. बहुतेक प्रती मरतात. जिचं काम दुसरं कुणी करतंय, तिच्यात बिघाड झाला तरी कुणाचं अडत नाही. बिघाड साचत जातात आणि काही दशलक्ष वर्षांत ती निकामी होते. वास ओळखणाऱ्या जनुकांचा आपल्याकडे मोठाच गोतावळा आहे, सगळी एकमेकांच्या प्रती. त्यातली सुमारे ४०० चालू आहेत, आणि बंद पडलेली त्याहून जास्त. उंदराकडे चालू असलेली हजाराच्या वर आहेत. सुक्या बोंबलाचा वास आपल्याला येतो तो उरलेल्यांच्या जोरावर.

काही प्रतींना मात्र नवं काम सापडतं, जसं लाल रंगाच्या बाबतीत झालं. आणि तिसरी एक वाट आहे, जी मला सगळ्यात सुंदर वाटते. १९९९ साली अॅलन फोर्स, मायकेल लिंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती नेमकी मांडली. मूळ जनुक दोन ठिकाणी काम करत असेल, तर प्रत निघाल्यावर एकीचं एका ठिकाणचं काम बिघडतं, दुसरीचं दुसऱ्या ठिकाणचं. लोकलचे दोन रूळ होते तोवर सगळ्या गाड्या त्यांवरूनच जायच्या. चार झाल्यावर स्लो आणि फास्ट वेगळ्या धावू लागल्या, आणि आता यातली एकही लाइन बंद केली तर शहर अडतं. जनुकांचंही तसंच. कुणालाही काही नवीन यायला लागलेलं नसतं, फक्त वाटणी झालेली असते, पण त्यामुळे दोघंही टिकतात. टिकल्यावर पुढे प्रत्येकाला आपापल्या कामात तरबेज व्हायला वेळ मिळतो.

आता आपल्या रक्तगटाकडे येऊ.

लाल पेशीच्या पृष्ठभागावर साखरेच्या छोट्या छोट्या साखळ्या असतात. त्यांच्या टोकाला फ्युकोज नावाची साखर बसली की तयार होतं ते एच. या एचवर आणखी एक साखर चढली की ए. वेगळी चढली की बी. या साखरा चढवणारी विकरं, म्हणजे एन्झाइम, नवव्या गुणसूत्रावरच्या जनुकातून येतात. ओ गटात या जनुकातलं बहुधा एकच अक्षर गळलेलं असतं, पण तेवढ्यानं पुढचं सगळं वाचन बिघडतं आणि विकर निकामी होतं. म्हणून ओ गटाच्या पेशींवर एच तसंच उघडं राहतं. म्हणजे ए, बी, ओ या तिघांचाही पाया एच आहे, हे लक्षात ठेवायचं.

तो पाया घालणारं जनुक एकोणिसाव्या गुणसूत्रावर आहे. त्याचं नाव एफयूटी१. आणि त्याच्यापासून सुमारे ३५,००० अक्षरांवर, म्हणजे जीनोमच्या (आपल्या सगळ्या डीएनएच्या) हिशेबाने अगदी शेजारी, एफयूटी२ बसलेलं आहे. दोन्ही एकाच पूर्वज जनुकाच्या प्रती. दोघांचं रसायनशास्त्र एकच, फ्युकोज जोडायचं. पण एफयूटी१ हे काम लाल पेशींत करतं आणि एफयूटी२ लाळेत, आतड्याच्या अस्तरात. शिवाय तिथेच सेक१ नावाची तिसरी बहीण आहे, जी माणसात कामातून गेली आहे. कामाची वाटणी करून जगलेल्या दोन प्रती आणि मेलेली एक, अशा तिघी एकाच आळीत सापडाव्यात, याहून बोलकं उदाहरण मला माहीत नाही.

१९५२ साली परळच्या केईएम रुग्णालयातले डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांचे सहकारी यांनी लंडनच्या रूथ सँगर, रॉबर्ट रेस आदींच्या बरोबरीने ‘लॅन्सेट’मध्ये एक निबंध छापला. नेहमीच्या तपासणीत ओ ठरणारं, पण ओ गटाचं रक्तही न चालणारं रक्त त्यांना सापडलं होतं. हाच बॉम्बे गट. या लोकांच्या लाल पेशींवर एचच नव्हतं. पाया नाही, त्यामुळे वर ए किंवा बी चढवणारी विकरं शाबूत असूनही त्यांना चढवायला जागा नाही. आणि ज्या शरीराने एच कधी पाहिलेलंच नाही ते एचला परकं समजतं, त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार ठेवतं. ओ गटाच्या पेशींवर एच सगळ्यात जास्त. अशा माणसाला ओ गटाची पिशवी लावली तर जिवावर बेतू शकतं.

हे प्रयोगशाळेत कसं उघडकीला येतं ते नीट पाहण्यासारखं आहे. रक्तगट तपासताना रुग्णाच्या पेशींत ए-विरोधी आणि बी-विरोधी द्रव घालतात. बॉम्बे गटात दोन्हीकडे गुठळ्या होत नाहीत, आणि तंत्रज्ञ ‘ओ’ लिहून मोकळा होऊ शकतो. पण तपासणीचा दुसरा भाग असतो: रुग्णाचा रक्तद्रव घेऊन त्यात माहितीतल्या ए पेशी, बी पेशी आणि ओ पेशी घालायच्या. खऱ्या ओ गटाच्या माणसाच्या रक्तद्रवात ओ पेशी शांत तरंगतात. बॉम्बे गटाच्या माणसाच्या रक्तद्रवात त्यासुद्धा गोळा होतात. ओ पेशींची ती एक नळी लावली नाही, तर हा गट क्रॉसमॅचपर्यंत, म्हणजे पिशवीतलं रक्त रुग्णाच्या रक्ताशी ताडून पाहीपर्यंत, लपून राहतो, आणि तेव्हा ब्लड बँकेतली ओ गटाची एकेक पिशवी नापास होत जाते.

यातून घराघरांत एक गैरसमजही होतो, त्याबद्दल सांगायलाच हवं. आईच्या कार्डावर ‘ओ’ आहे, वडील बी, आणि मूल एबी. शाळेतल्या तक्त्याप्रमाणे हे अशक्य. पण आई बॉम्बे गटाची असेल तर तिच्याकडे ए चढवणारं जनुक असू शकतं, फक्त ते दिसत नाही. मुलाला वडिलांकडून चालू एफयूटी१ मिळालं की आईकडून आलेलं ए लगेच उमटतं. अशा वेळी शंका घेण्याआधी एचची तपासणी करावी.

आता मुख्य प्रश्न. दोन बहिणी असताना एच पूर्णपणे नाहीसं होतं कसं? नेहमीच्या बॉम्बे गटात लाल पेशींवर तर नाहीच, लाळेतही एच नसतं. म्हणजे दोन्ही जनुकं एकाच वेळी गेलेली. १९९७ साली जपानी संशोधकांनी भारतीय बॉम्बे गटाचा डीएनए वाचला तेव्हा कळलं की एफयूटी१ मध्ये एकच अक्षर बदललं आहे, ७२५व्या जागी टीच्या ऐवजी जी, आणि त्यामुळे विकरातल्या २४२व्या जागी ल्युसिन या अमिनो आम्लाच्या ऐवजी अर्जिनिन बसलं आहे. एफयूटी२ मात्र बिघडलेलं नाही, ते मुळात तिथे नाहीच. अख्खं कापलं गेलं आहे. एकाच छोट्या भागात जनुकीय बदलाचे दोन्ही मोठे प्रकार: एका अक्षराची चूक, आणि अख्ख्या तुकड्याची कपात.

दोन वेगवेगळे अपघात एकाच माणसात, तेही आई आणि वडील अशा दोन्ही बाजूंनी, हे ऐकायला अशक्यप्राय वाटतं. पण ही जनुकं प्रत निघून तयार झाली आहेत, म्हणून शेजारी आहेत, आणि शेजारी आहेत म्हणून पिढ्यान्पिढ्या एकत्रच जातात. दोन्ही बिघाड एकदा एका गुणसूत्रावर जमले की पुढे ते जोडीनेच वारशात येतात. अशी गुणसूत्रं आई-वडिलांकडून एकेक मिळाली की मूल बॉम्बे गटाचं. भारतात हे प्रमाण दहा हजारांत एखादं असं सांगितलं जातं, युरोपात दहा लाखांत एखादं. नात्यात किंवा छोट्या समाजात लग्नं होतात तिथे ते वाढतं.

एफयूटी२ कापलं गेलं ते कसं, हेही पुढे उलगडलं. आपल्या जीनोममध्ये अलू नावाचे सुमारे ३०० अक्षरांचे तुकडे दहा लाखांहून जास्त वेळा विखुरलेले आहेत. जीनोमचा दहावा हिस्सा त्यांनीच भरला आहे. ते एकमेकांसारखे असल्याने गुणसूत्रांची जुळणी घसरायला ही हक्काची जागा. एफयूटी२च्या अलीकडचा आणि पलीकडचा अलू असे चुकीचे जुळले आणि मधलं जनुक निसटलं. गंमत म्हणजे २०००च्या सुमारास असा विचार मांडला गेला की कपिवर्गाच्या पूर्वजांत एफयूटी१च्या आत एक अलू येऊन बसला आणि त्यामुळेच हे जनुक लाल पेशी घडताना चालू व्हायला लागलं. बहुतेक माकडांच्या लाळेत ए, बी, एच असतं, लाल पेशींवर नसतं; चिंपांझी, गिबन आणि आपल्यात ते असतं. हा विचार बरोबर असेल तर आपल्या रक्तगटाची तपासणी करता येते तीच मुळात एका भटक्या तुकड्यामुळे.

आणि बॉम्बे गटाची माणसं एरवी निरोगी असतात, हे विसरू नये. अडचण येते ती रक्त लागतं तेव्हा. एफयूटी२ एकट्याने बंद असलेली माणसं तर जगात खूप आहेत, युरोपीय वंशात पाचात एक. उलट्या-जुलाब करणारा नोरोव्हायरस आतड्याच्या अस्तरावरच्या याच साखरेला धरून आत शिरतो, त्यामुळे या लोकांना त्याच्या अनेक प्रकारांची बाधा सहसा होत नाही. बंद पडलेली प्रतसुद्धा कधी कधी निवडीच्या कसोटीत पुढे जाते ती अशी.

माणसामाणसांतला फरक मोजायचा झाला तर हे सगळं ध्यानात घ्यावं लागतं. कुणाही एकाचा जीनोम नमुन्याच्या जीनोमशी ताडून पाहिला की ४० ते ५० लाख ठिकाणी फरक दिसतो. त्यातले बहुसंख्य एकेका अक्षराचे. तुकडा जास्त असणं, कमी असणं, उलटा लागलेला असणं असे मोठे फरक संख्येने त्या मानाने अगदी थोडे, पण त्यांत गुंतलेली अक्षरं मोजली तर ती कितीतरी जास्त भरतात. २००४ पर्यंत हे कुणाच्या फारसं लक्षातच आलं नव्हतं.

कधी कधी प्रत निघते ती एका जनुकाची नसते, अख्ख्या जीनोमची असते. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या पूर्वजांत हे सुमारे पन्नास कोटी वर्षांपूर्वी दोनदा घडलं, असं आज बहुतेक अभ्यासक मानतात. शरीराचा डोक्यापासून शेपटीपर्यंतचा आराखडा ठरवणारी हॉक्स जनुकं माशीत एकाच संचात असतात. आपल्याकडे चार संच आहेत, एकूण ३९ जनुकं. माशांच्या मोठ्या शाखेत ते तिसऱ्यांदाही घडलं. ससून डॉकवर उतरणारं पापलेट, सुरमई, बोंबील हे सगळे या शाखेतले. त्याच टोपल्यांशेजारी पडलेली मोरी, म्हणजे शार्क, या शाखेतली नाही. तिच्या पूर्वजांत ती तिसरी वेळ आलीच नाही. वनस्पतींत तर हे सर्रास चालतं. पावासाठी लागणाऱ्या गव्हात तीन वेगवेगळ्या गवतांचे जीनोम एकत्र आले आहेत, आणि ४२ गुणसूत्रं आहेत.

शेवटी हिमोग्लोबिनबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण त्यातल्या बिघाडामुळे होणारा थॅलेसेमिया हा मुंबईत अनेक घरांतला प्रश्न आहे. हिमोग्लोबिनच्या दोन प्रकारच्या साखळ्या, अल्फा आणि बीटा, एकाच जनुकापासून जवळपास पंचेचाळीस-पन्नास कोटी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. पुढे दोन्हीकडे आणखी प्रती निघाल्या. सोळाव्या गुणसूत्रावर अल्फाची दोन जनुकं शेजारी आहेत, आणि रंगाच्या जनुकांसारखीच ती चुकीची जुळून एक गळून जातं. भारतातल्या अनेक आदिवासी समाजांत असं गुणसूत्र खूप आढळतं, कारण त्यामुळे मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं.

अकराव्या गुणसूत्रावर बीटाचं कुटुंब आहे. तिथली जनुकं ज्या क्रमाने मांडलेली आहेत त्याच क्रमाने आयुष्यात चालू होतात: आधी अगदी लहान गर्भातलं एप्सिलॉन, मग गर्भातली दोन गॅमा, आणि जन्मानंतर डेल्टा व बीटा. गॅमाचं हिमोग्लोबिन ऑक्सिजन जास्त घट्ट धरतं, म्हणून बाळाला आईच्या रक्तातून तो ओढून घेता येतो. डेल्टा हे बीटाचं अशक्त भावंड. प्रौढ माणसाच्या हिमोग्लोबिनमधला दोन-तीन टक्के भाग त्याचा. पण थॅलेसेमिया मायनरची, म्हणजे वाहक असण्याची, तपासणी त्याच्यावरच चालते: बीटाची एक प्रत बिघडलेली असली की डेल्टाचा वाटा साडेतीन टक्क्यांच्या वर जातो, आणि अहवालात ‘एचबीए२ वाढलेलं’ असं येतं. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली अशा समाजांत वाहकांचं प्रमाण जास्त असल्याने ही तपासणी लग्नाआधी, निदान गरोदरपणाच्या सुरुवातीलाच, करून घ्यायला डॉक्टर सांगतात. ती जरूर करावी.

दोन्ही बीटा बिघडलेलं मूल जन्मतः ठणठणीत दिसतं. चार-सहा महिन्यांनी ते फिकं पडायला लागतं आणि मग दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवणं सुरू होतं. सुरुवातीचे महिने निभावून नेणारं जनुक गॅमा असतं. जन्मानंतर शरीर ते बंद करत नेतं, पण जनुक जागेवर असतं, धडधाकट. ते बंद ठेवणारं प्रथिन म्हणजे बीसीएल११ए. २०२३च्या अखेरीस ब्रिटनमध्ये आणि मग अमेरिकेत क्रिस्पर या डीएनए नेमक्या जागी कापणाऱ्या तंत्रावरच्या ज्या पहिल्या उपचाराला मान्यता मिळाली, त्यात बिघडलेल्या बीटाला हातही लावत नाहीत. रुग्णाच्या रक्तपेशी बनवणाऱ्या मूळ पेशी बाहेर काढून त्यांत बीसीएल११एचं बटण तोडतात आणि त्या परत देतात. मग गॅमा पुन्हा चालू होतं. उपचार अतोनात महाग आहे. हायड्रॉक्सियुरियाची साधी गोळी हेच काम थोड्या प्रमाणात करते, आणि सौम्य प्रकारच्या थॅलेसेमियात काही रुग्णांना तिच्यामुळे रक्त कमी वेळा चढवावं लागतं.